आधी खोका, मग गाडी

दादा, तुझं कपाट परवापासून रिकामं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. डॉक्टरांनाही तू तेच म्हणायचास, मधलं मागाहून सांगा, शेवट आधी सांगा. तर शेवट हा. बाराही खोके, अकरा गाड्या, तुझी नोंदींची वही, सुती हातमोजे, पुड्यांचा डबा, सगळं अलोऱ्याला कदमांकडे गेलं. एकत्र गेलं. वेगळं काही केलं नाही.

तू गेल्याला सव्वा महिना झाला. मी दमले आहे. शाळेत असताना सहामाहीचे पेपर तपासून दमायचे, तसं हे नव्हे. ते झोपलं की जायचं. हे सकाळी उठल्यावर जास्त असतं. पाय जमिनीला लागायच्या आधी कान तुझ्या खोलीकडे जातो. मग आठवतं की आज डायलिसिसचा वार असला तरी रिक्षा सांगायची नाही, पाणी मोजून द्यायचं नाही, भाजीतलं मीठ वेगळं काढायचं नाही. काहीच करायचं नाही, आणि त्याचाही थकवा येतो.

भेटायला माणसं येत होती. तुझ्या खोलीत बसायची आणि त्यांची नजर त्या लोखंडी कपाटावर जायची. ह्यात काय आहे, असं कोणीतरी विचारायचंच. मी सांगायचे, खेळण्यातल्या गाड्या. कुणाच्या? दादाच्या. मग कोणीतरी चहाचा कप उचलायचं. सत्तरीचा माणूस, लग्न नाही, मूल नाही, आणि खेळण्यातल्या गाड्या. त्यांना नीट सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करायला हवी, आणि तेवढा दम माझ्यात नव्हता. तुझ्यापुढे मात्र आज सगळं बोलून घेते.

बाबा मुंबईत खेळण्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात पॅकर होते. विलायतेहून मोठ्या लाकडी पेट्या यायच्या, त्यातून हाताच्या मुठीत मावतील अशा धातूच्या गाड्या निघायच्या. प्रत्येक गाडीला तिच्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका आणि खोक्यावर तिचंच रंगीत चित्र. वाटेत एखादी गाडी मोडायची, एखादी चोरीला जायची, आणि खोका तेवढा उरायचा. ते खोके फेकून द्यायचे असत. बाबा मागून घ्यायचे. बुद्धपौर्णिमेला गावी आले की ट्रंकेत कपड्यांच्या घडीमध्ये दोन-तीन खोके असायचे. आई कातावायची. म्हणायची, लोक मुंबईहून पोरांना खेळणी आणतात, आमच्याकडे खेळण्यांची सालं येतात.

तू आठ वर्षांचा होतास, मी चारची. मला पहिल्या खोक्याचं आठवतं ते एवढंच, की मी तो कानाशी धरून हलवला आणि आत काही वाजलं नाही. मला फसवल्यासारखं झालं. तू हलवून बघितलाच नाहीस. ओटीवर पालथा पडून चित्र बघत बसलास. मी म्हटलं, दादा, ह्यात काय नाय. तू वर न बघता म्हणालास, "गाडी बाहेर गेलीय. येईल."

मला ते खरं वाटलं होतं. किती दिवस तरी मी वाट बघितली.

बाबा गेले तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. छातीचं दुखणं होतं, मुंबईतच गेले, आपल्याला उशिरा कळलं. त्यांची ट्रंक घेऊन गावचे एक काका आले. त्यात दोन सदरे, बाबासाहेबांची एक तसबीर आणि तळाशी दोन खोके. तेवढे धरून बारा झाले. त्यानंतर आणायला कोणी नव्हतं. शाळेच्या वह्या ठेवायला मी एक मागितला होता. तू दिला नाहीस. मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही, आणि त्या चार दिवसांत तू माझ्यासाठी जुन्या पत्र्याच्या डब्याला कडी लावून दप्तर करून दिलंस. तुझं हे नेहमीचं. जे मागितलं ते नाही, पण त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी.

एकोणिसाव्या वर्षी तू अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या कचेरीत कारकून म्हणून लागलास. स्वतः पुढे शिकला नाहीस, मला शिकवलंस. मी शिक्षिका झाले ती तुझ्या जिवावर, हे मी निवृत्त होताना निरोप समारंभात बोलले होते. तू पहिल्या रांगेत होतास आणि खाली मान घालून छत्रीच्या मुठीशी चाळा करत होतास. घरी आल्यावर म्हणालास, भाषण लांबलं. तेवढंच.

प्रकल्पाच्या वसाहतीत तुझ्या शेजारच्या बिऱ्हाडात कदम राहायला आले आणि सगळं बदललं. वीजघरात इलेक्ट्रिशियन, बोलके, तुझ्या अगदी उलट. खाटेखालची ट्रंक उघडी होती, त्यांनी खोके बघितले आणि विचारलं, ह्यातल्या गाड्या कुठे आहेत? तू सांगितलंस, नाहीत, कधी नव्हत्याच. कदम हसले. म्हणाले, अरे, ह्या गाड्या अजून जगात आहेत. मुंबईच्या जुन्या बाजारात मिळतात, माझ्याकडेच दोन आहेत. लोकांकडे गाडी असते आणि खोका नसतो. खोक्यासाठी जीव टाकतात लोक. तुझ्याकडे खोका आहे आणि गाडी नाही. तू उलटा माणूस आहेस.

तू तेव्हा सव्वीस वर्षांचा होतास. ह्या गाड्या खरोखर असतात, शोधल्या तर सापडतात, हे तुला तोवर माहीतच नव्हतं. मला तू पत्र लिहिलं होतंस. एरवी तुझी पत्रं चार ओळींची. ते दोन पानांचं होतं, आणि त्यात माझी चौकशी करायला तू विसरला होतास.

मग चाळीस वर्षं. मी सगळ्या अकरा गाड्यांच्या कथा सांगत बसत नाही, तुला पाठ आहेत. पण लाल बसची सांगते, कारण तिच्या वेळी मी होते. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि तू कुणाला न विचारता मला घेऊन आलास, तोवर तुझी बदली रत्नागिरीला झाली होती. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला हे घर घेतलंस. एका रविवारी मासळी आणायला खाली गेलास आणि मासळी न घेताच आलास. मासळी विकणाऱ्या हमिदाबींच्या घरात, दाराशी उभं राहून दिसेल अशा काचेच्या कपाटात, तुला ती दुमजली लाल बस दिसली होती. त्यांचा नवरा बोटीवर खलाशी होता, त्याने मुलांसाठी परदेशातून आणलेली. मुलं खेळून मोठी झाली, नवरा गेला, बस त्याच्या फोटोशेजारी राहिली.

तू विकत मागितलीस. त्यांनी सरळ नकार दिला. दुसरा कोणी असता तर विसरला असता. तू दर रविवारी जायला लागलास. बांगडा घ्यायचास, दोन शब्द बोलायचास, बसकडे बघायचास, यायचास. मला बांगडा खाऊन खाऊन कंटाळा आला होता. एकदा मी म्हटलंही, त्या म्हातारीला काय वाटेल. तू म्हणालास, मी मागत नाही आता, नुसता बघतो. तीन वर्षं. मग त्यांचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी एका पोरीकडून निरोप पाठवून तुला बोलावलं. मी बरोबर आले होते. त्यांनी बस ओढणीच्या पदरात गुंडाळून तुझ्या हातात दिली आणि सांगितलं, तुझ्याकडे हिचं घर आहे म्हणतोस ना, मग ने. पैसे घेतले नाहीत.  घरी येऊन हात धुतलेस, पुसलेस, खोका उघडलास, बस आत सरकवलीस. ती बरोब्बर बसली. एक चाक वाकडं होतं, रंग ठिकठिकाणी उडाला होता, पण बसली. तू मला म्हणालास, "बाय, आली गो." बाकी काही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, हे तुला माहीत नसेल.

एवढं सगळं मिळवणं तुझं. सांभाळणं मात्र दोघांचं झालं, आणि भांडणं तिथून लागली.

खाली समुद्र, वर चार महिने पाऊस. जांभ्याची भिंत श्रावणात घाम फुटल्यासारखी ओली होते. अशा गावात पुठ्ठा जपायचा म्हणजे रोजचं युद्ध. मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी सुताराकडून तुझ्यासाठी नवंकोरं प्लायवूडचं कपाट करून घेतलं. कौतुकाने. तू त्याला वास घेऊन बघितलास आणि त्यात तुझे सदरे ठेवलेस. नव्या प्लायच्या गोंदाची वाफ धातूला आणि रंगाला खाते म्हणालास. बरोबरच असेल. पण मला वाईट वाटलं, आणि त्याच आठवड्यात तू भंगारवाल्याकडून जुनं लोखंडी कपाट आणून, घासून, रंगवून, भिंतीपासून हातभर पुढे, चार विटांवर उभं केलंस. माझ्या कपाटाशेजारी.

एकदा कसर लागू नये म्हणून मी त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या. तू ओरडला नाहीस. एकेक गोळी उचलून बाहेर टाकलीस आणि दिवसभर कपाट उघडं ठेवून समोर बसलास. संध्याकाळी मला समजावलंस, त्या वासाने गाड्यांच्या खिडक्यांचं प्लास्टिक चिकट होतं. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, शाई उतरते. रबर लावायचं नाही, पुठ्ठ्याला कापतं. खोक्यावर खोका नाही. रिकामा खोका चपटा करायचा नाही, आत पांढरा कागद चुरगाळून भरायचा, म्हणजे अंग धरून राहतो. गाडीचे टायर प्लास्टिकला लागू द्यायचे नाहीत, काही वर्षांनी ते त्याला चिकटतात. आणि त्या ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी दिसायला लागले की ओल भरली समजायचं, वेगळ्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाजायचे. पावसाळ्यात कपाट पंधरा दिवसांतून एकदाच उघडायचं, तेही उघडीप असलेल्या दुपारी. मी तुला म्हणायचे, आपल्या आईला तू एवढं जपलं नसशील. ते खोटं होतं. तिलाही तू असंच जपलंस.

आपलं खरं भांडण बाराव्या खोक्यावरून झालं आणि ते मिटलं नाही. हिरवी क्रेनची लॉरी. ती कदमांकडे होती, पहिल्यापासून. त्यांनी तुला कितीदा देऊ केली. तू नको म्हणायचास. मी एकदा चिडून विचारलं, उभं आयुष्य ह्या गाड्या शोधण्यात गेलं, ही समोर आहे तर घेत का नाहीस. तू म्हणालास, एक तरी बाबांनी आणला तसा राहू दे. त्यावर मी बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हटलं, "बाबांनी रिकामा आणला कारण भरलेला परवडत नव्हता. त्यात जपण्यासारखं काय आहे?"

तू उठून गच्चीवर गेलास. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. रिकामा खोका हातात घेऊन मुलांसमोर उभं राहताना बाबांना काय वाटत असेल, हा विचार तू कधी केला नाहीस. किंवा तू तोच केला होतास आणि मला समजला नाही. आता विचारायला कोणी नाही.

आता ते सांगते, जे तुला सांगायचं राहिलं होतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी तू न्हाणीघरात पडलास. खुब्याचं हाड मोडलं, त्याआधीच मूत्रपिंडं थकलेली. तो सबंध पावसाळा तू बाहेरच्या खोलीत खाटेवर होतास आणि कपाट आत होतं. तुला उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, आठवड्यातून दोनदा चार माणसांच्या मदतीने रिक्षात बसवणं. मी चौसष्ट वर्षांची होते. माझे गुडघे रोज तुझ्याआधी रडायचे. आणि तू रोज दुपारी विचारायचास, "बाय, पुड्या बघितल्यास काय गो?"

मी म्हणायचे, बघितल्या.

मी बघितल्या नव्हत्या. दीड महिना मी ते कपाट उघडलं नाही. पहिल्यांदा विसरले, मग थकले, मग खरं सांगायचं तर मला राग आला. माझे पाय कसे आहेत हे तू विचारत नव्हतास, पुड्या कशा आहेत हे विचारत होतास. मी सरळ तुझ्या तोंडावर खोटं बोलत होते आणि तू मान हलवून डोळे मिटायचास. मला वाटायचं, राहू देत ते खोके, माणूस इथे पडला आहे.

शेवटी एका दुपारी उघडलं. वासच आला आधी. सगळे दाणे गुलाबी झाले होते आणि खोक्यांवर पांढरी बुरशी, पिठासारखी. मी घाबरले. कोरडा ब्रश घ्यायचा, खोका उन्हाच्या नव्हे तर पंख्याच्या वाऱ्यावर ठेवायचा, हे सगळं मला माहीत होतं. पण हातात तुझं अंग पुसायचं फडकं होतं, ओलं. मी रुग्णवाहिकेच्या खोक्यावर ते फिरवलं. एकदाच. चित्र फडक्यावर आलं. तो लाल क्रॉस, पांढरा रंग, खिडकीतून बघणारी परिचारिका, सगळं एका हातासरशी गेलं. साठ वर्षं टिकलेलं.

बाकीचे मी नीट साफ केले. तो खोका दोन दिवस पंख्याखाली ठेवला, आत कागद भरला, आणि सगळ्यात मागे, लाल बसच्या आड ठेवला. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी पुन्हा म्हटलं, बघितल्या.

त्यानंतर पुड्या मी एकदाही चुकवल्या नाहीत. पण सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तू जरा बरा झालास की सांगू. तू बरा झाला नाहीस.

जलदान विधीच्या दिवशी कदम आले, अलोऱ्याहून दोन एसटी बदलून. बाहत्तर वर्षांचे आहेत, हात थरथरतो. वंदना झाली, माणसं जेवली, गावाकडची मंडळी टेंपोने गेली. ते मागे थांबले. मला वाटलं गाड्यांबद्दल बोलतील, म्हणून मीच आधी बोलले. म्हटलं, भाऊ, एक खोका माझ्या हातून गेला आहे, दादाला माहीत नव्हतं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, ताई, त्याला माहीत होतं. त्याच हिवाळ्यात ते तुला भेटायला आले होते, तेव्हा मी बाजारात गेले असताना तू त्यांना एकेक खोका खाटेवर आणून दाखवायला सांगितला होतास. मागचाही.

मी विचारलं, काय म्हणाला.

कदमांनी चष्मा काढला. म्हणाले, "तो म्हणाला, बायला बोलू नकोस. ती मला दिवसातून तीनदा पुसते. तिच्या हातात सारखं ओलं फडकंच असतं. त्यात एक चित्र पुसलं गेलं तर काय झालं."

दादा, मी त्यांच्यासमोर रडले नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले आणि गॅस न पेटवताच उभी राहिले. तू दीड-पावणेदोन वर्षं हे मनात ठेवून वागलास. रोज विचारत राहिलास, पुड्या बघितल्यास काय, आणि मी हो म्हटल्यावर तसाच डोळे मिटत राहिलास. तुझे उपकार मानू की तुझ्याशी भांडू, मला कळत नाही. तू न बोलून मला माफ केलंस. पण मला माफी मागता आली नाही ना. एकदा ओरडला असतास तर मीही ओरडले असते, माझ्या गुडघ्यांचं, माझ्या एकटीचं सगळं बाहेर आलं असतं, आणि मग आपण दोघं नेहमीसारखे चार दिवस न बोलता राहिलो असतो. ते चार दिवस तू मला द्यायला हवे होतेस.

त्या दिवशीच मी कदमांना सांगितलं, सगळं तुम्ही घेऊन जा. ते नको म्हणाले. त्यांचंही वय झालं, त्यांच्याही कपाटाकडे पुढे बघणारं कोणी नाही, असं त्यांना वाटत होतं. गावातल्या वाचनालयाने काचेच्या कपाटात मांडू म्हणून निरोप पाठवला होता. मी जाऊन बघून आले. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर, दिवसभर ऊन, वर ट्यूबलाइट. वर्षभरात सगळी चित्रं फिकी पडतील. मी नको सांगितलं. त्यांना जरा राग आला.

मग परवा कदम पुन्हा आले. वाचनालयाचं कळल्यावर ते फोनवर न्यायला हो म्हणाले होते, पण पाऊस पूर्ण सरू दे, हवा कोरडी झाल्याशिवाय हलवायचं नाही. ह्या वेळी त्यांची सून बरोबर होती, वृषाली, चिपळूणला बँकेत असते. तिची गाडी. मला वाटलं फक्त चालवायला आली असेल. ती कपाटासमोर बसली, दाणे बघितले आणि मला विचारलं, "मावशी, तुम्ही तव्यावर भाजता की उन्हात ठेवता? माझे उन्हात नीट निळे होत नाहीत."

 कदमांच्या घरातल्या पुड्या ती भाजते. दहा वर्षं. तिला गाड्यांचं काही वेड नाही. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून हे तिच्याकडे आलं, एवढंच. मी तिच्याशेजारी खाली बसले आणि बोलत सुटले. तवा कुठला, आच किती, दाणे तडकायला लागले तर काय, ओटीकडची खिडकी कधी उघडायची, चाकाच्या दांड्याला गंज दिसला तर कुठलं तेल आणि ते काडीच्या टोकावर किती. अर्धा तास. कदम खुर्चीत बसून ऐकत होते. मला बोलताना जाणवलं की ह्यातलं अर्धं मला तू शिकवलेलं नाही. ते माझंच आहे, करून करून आलेलं. वृषालीने दोन गोष्टी फोनमध्ये लिहून घेतल्या. मग म्हणाली, आमचे पप्पा तुमच्या दादांसारखे आहेत, मला कधी विचारत नाहीत की पाय दुखतात का. आणि हसली. मीही हसले, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

तिने गाडीत मागच्या सीटवर जाड गोधडी अंथरून आणली होती. आम्ही दोघींनी हातमोजे घालून एकेक गाडी पांढऱ्या कागदात गुंडाळली, खोके वेगळ्या पेटीत उभे लावले, प्रवासात धक्का लागतो म्हणून गाड्या खोक्यांत ठेवल्या नाहीत. पुसलेला खोका तिने हातात घेतला, उलटसुलट केला, काही न विचारता बाकीच्यांमध्ये ठेवला. क्रेनच्या खोक्याचं कदमांनी विचारलं, की त्यात आता माझी लॉरी ठेवू का. मी म्हटलं, भाऊ, तुमचं तुम्ही बघा, ह्या भांडणात मला आता बोलायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि पेटीचं झाकण लावलं.

जाताना कदमांनी नमस्कार केला. गाडी उताराने खाली गेली, मिरकरवाड्याच्या वळणावर बर्फाच्या टेंपोला जागा द्यायला थांबली आणि मग दिसेनाशी झाली. मी फाटकाला धरून उभी होते. मला वाटलं होतं की गलबलून येईल. तसं काही झालं नाही. मला हलकं वाटलं. पाठीवरून कोणीतरी पोतं उतरवून घ्यावं तसं.

आणि दादा, तू गेलास त्या सकाळीही मला आधी हेच वाटलं होतं. शेजारच्या बायका आल्या तेव्हा मी रडत होते, त्यांनी ते बघितलं. त्यांना बोलावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं मी तुझ्या खाटेशेजारच्या खुर्चीत तुझा हात धरून बसले होते, तो गार पडत होता, आणि माझ्या मनात एवढंच होतं की आता उठायचं नाही. आता मला कोणी उठवणार नाही. रडू त्यानंतर आलं. तेही खरंच आलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. दोन्ही खरं आहे, एवढं तू समजून घे.

आता जरा पडते.